लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव कसं ठरतं? शाळेची लॅब चालवणाऱ्यांनी समजून घ्यावं असं काही



आपल्या शाळा, मदरसे, मोहल्ल्यातल्या लायब्ऱ्या आणि शिकवणी वर्ग यांच्याकडे जे कॉम्प्युटर असतात, ते बहुतेक वेळा कुणीतरी दिलेले असतात. ऑफिसातून निघालेले, कुणा भल्या माणसाने सवाबच्या नियतीने पाठवलेले. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही, नवीन घ्यायला पैसे नाहीत. मग लिनक्स टाकलं जातं. ते मोफत आहे, जुन्या मशीनवर नीट चालतं, व्हायरसचा त्रासही कमी. यात वावगं काहीच नाही.

पण लिनक्स टाकल्यावर एक प्रश्न आम्हा शिक्षकांना वारंवार विचारला जातो. "सर, जुन्या पुस्तकात इंटरनेटच्या कार्डाचं नाव 'एथ०' लिहिलंय. आमच्या मशीनवर 'ईएनपी३एस०' असं काहीतरी विचित्र दिसतं. हे कुठून आलं?" दहावी-बारावीनंतर नेटवर्किंगचा कोर्स करणारी मुलं-मुलीही हाच प्रश्न घेऊन येतात.

प्रश्न छोटा वाटतो, पण लॅब सुरक्षित राहणार की नाही, हे कधी कधी याच नावावर ठरतं. म्हणून आज हे सविस्तर पाहू. मूळ नावं इंग्रजी अक्षरांत असतात, आपण इथे त्यांचा उच्चार देवनागरीत लिहितोय, एवढं लक्षात ठेवा.

एक मशीन, दोन तारा

समजा, एका शाळेच्या लॅबमध्ये पंधरा कॉम्प्युटर आहेत. त्यातला एक जरा बरा, त्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात. त्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत. पहिल्या कार्डातून तार इंटरनेटच्या राउटरकडे जाते. दुसऱ्यातून तार लॅबच्या स्विचकडे, म्हणजे मुलांच्या कॉम्प्युटरकडे जाते. बाहेरचं इंटरनेट आधी सर्व्हरवर येतं, तिथे नको त्या साइट गाळल्या जातात आणि मगच मुलांपर्यंत पोहोचतं. मुलांच्या फाइली, गुणपत्रकं, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी स्कॅन केलेली आधार कार्डं आणि उत्पन्नाचे दाखलेही त्याच सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये आहेत. ते फोल्डर फक्त लॅबच्या बाजूनेच उघडावं, अशी सोय केलेली आहे.

ही सोय सर्व्हरला कशी सांगितलेली असते? कार्डाच्या नावाने. "एथ० ही बाहेरची बाजू, तिकडून कुणालाही आत घेऊ नको. एथ१ ही लॅबची बाजू, तिकडे फाइली दाखव." फायरवॉलला आपण असंच लिहून देतो.

आता एके दिवशी वीज जाते, येते, सर्व्हर पुन्हा चालू होतो आणि या दोन नावांची अदलाबदल होते. काल जे कार्ड एथ० होतं ते आज एथ१ झालं. तारा जिथल्या तिथे आहेत, सेटिंग कुणी बदललेलं नाही, फक्त नावं फिरली.

नशीब चांगलं असेल तर इंटरनेट बंद पडतं आणि लगेच कळतं. नशीब वाईट असेल तर फाइलींचं फोल्डर राउटरच्या बाजूला उघडं पडतं. ट्रस्टच्या इमारतीत तोच राउटर खालच्या दुकानांनाही जोडलेला असला, तर तिथल्या कुठल्याही मशीनवरून मुलींचे फोटो आणि घरच्यांची कागदपत्रं दिसू शकतात. ही कागदपत्रं पालकांनी विश्वासाने दिलेली अमानत आहे. ती सांभाळायची तर नाव कसं पडतं हे माहीत हवं.

पूर्वी नाव कसं पडायचं?

लिनक्सचा गाभा, ज्याला 'कर्नल' म्हणतात, तो लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केला. नेटवर्क कार्डाला नाव देण्याची कर्नलची पद्धत अगदी साधी होती, आजही आहे. जे कार्ड आधी सापडलं ते एथ०, त्यानंतरचं एथ१, मग एथ२. 'एथ' हा 'इथरनेट' या शब्दाचा तुकडा. मोजणी शून्यापासून.

एकच कार्ड असेल तर काही बिघडत नाही. पण दोन असतील तर 'आधी कोण सापडलं' याला महत्त्व येतं, आणि हा क्रम पक्का नसतो. मशीन सुरू होताना प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर लोड व्हावा लागतो. आजची मशीनं वेळ वाचवायला अनेक कामं एकाच वेळी करतात. त्यामुळे आज या कार्डाचा ड्रायव्हर आधी तयार झाला, उद्या त्या कार्डाचा. कुणी नवीन कार्ड बसवलं, कर्नल अपडेट झाला, तरी क्रम बदलू शकतो.

वर्गात रोल नंबर देण्याची एक पद्धत कल्पून बघा. जो सकाळी आधी दारातून आत येईल त्याला एक नंबर, नंतर येईल त्याला दोन. आज रोल नंबर एक म्हणजे अरबाज, उद्या शाहीन. परीक्षेचे गुण मात्र कालच्या नंबरावर लिहिलेले. असं हजेरीपुस्तक कुठली शाळा चालवेल? पण कॉम्प्युटर बरीच वर्षं असंच चालले, कारण बहुतेकांना एकच कार्ड होतं.

नाव ओळखीवरून की ठिकाणावरून?

आपल्या समाजाला ही अडचण नवी नाही. एका वर्गात तीन 'मोहम्मद' आणि चार 'शेख' असतात. मग आपण काय करतो? वडिलांचं नाव जोडतो, गावाचं नाव जोडतो. कोकणात तर आडनावच गावावरून पडतं. हदीसच्या अभ्यासात रावींची ओळख पटवणं हे मोठं शास्त्रच आहे, त्याला 'अस्मा-उर-रिजाल' म्हणतात. एकाच नावाचे दोन रावी असले तर वडिलांचं नाव, कुनियत (म्हणजे 'अबू अमुक' असं संबोधन) आणि निस्बत (म्हणजे गाव किंवा कबिल्यावरून पडलेलं नाव) यांवरून त्यांना वेगळं काढलं जातं. बुखाऱ्याचे म्हणून इमाम बुखारी, तिरमिजचे म्हणून इमाम तिरमिजी. माणूस मजलिसमध्ये कितव्या नंबरावर आला, यावरून कुणी त्याची ओळख ठरवली नाही.

म्हणजे ओळख पक्की करायच्या दोन वाटा. एक म्हणजे जन्मासोबत आलेली खूण, जशी वडिलांकडून आलेली. दुसरी म्हणजे ठिकाण. लिनक्सवाल्यांनी पुढे याच दोन वाटा धरल्या. आधी पहिली, मग दुसरी. दोन्हींत काय फायदा आणि काय तोटा, तेच समजून घ्यायचंय.

यूडेव्ह म्हणजे काय?

२००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' नावाचा प्रोग्राम आणला. पुढे के सीव्हर्स यांनी त्यावर बरंच काम केलं. यूडेव्ह हा कर्नलच्या बाहेर राहून काम करणारा उपकरणांचा कारभारी आहे. २०१२ मध्ये तो 'सिस्टमडी' या मोठ्या प्रकल्पात सामील झाला. आज बहुतेक मोठ्या लिनक्समध्ये सिस्टमडी असतं आणि त्यासोबत यूडेव्हही.

त्याचं काम असं चालतं. मशीनला काहीही जोडलं, मग ते नेटवर्क कार्ड असो, पेन ड्राइव्ह असो की प्रिंटर, की कर्नल एक वर्दी पाठवतो : "नवीन उपकरण आलंय." यूडेव्ह ती वर्दी घेतो आणि उपकरणाची माहिती बघतो. कोणत्या प्रकारचं आहे, कुठे जोडलंय, बनवणारी कंपनी कोणती, त्याचा स्वतःचा नंबर काय. मग आपल्याकडे लिहून ठेवलेले नियम एकेक करून ताडून बघतो. जो नियम लागू पडेल त्याप्रमाणे करतो. नाव बदलायचं असेल तर नाव बदलतो, परवानगी द्यायची असेल तर परवानगी देतो.

म्हणजे कर्नल आजही आधी 'एथ०' असंच नाव देतो. यूडेव्ह मागाहून येऊन ते बदलतो. हे सगळं मशीन सुरू होतानाच होतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. पण 'डीमेसेज' ही आज्ञा दिली तर कर्नलच्या नोंदींमध्ये 'ईएनपी३एस०, आधीचं नाव एथ०' अशा अर्थाची इंग्रजी ओळ सापडते. मुलांना ती ओळ शोधायला लावा, विषय पटकन डोक्यात बसतो.

नियम कसा लिहिलेला असतो?

यूडेव्हचे नियम साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असतात. फाइलीच्या नावाच्या सुरुवातीला सहसा आकडा असतो, जसं ७०, ७३, ८०. नियम नावाच्या क्रमाने वाचले जातात, म्हणून हा आकडा. लिनक्ससोबत आलेले नियम एका फोल्डरमध्ये असतात, आपण लिहिलेले 'ईटीसी' या फोल्डरच्या आत. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर आपली धरली जाते आणि सोबत आलेली सोडून दिली जाते. घरातल्या माणसाचा शब्द वर, असं समजा.

एका नियमात दोन भाग असतात : अट आणि हुकूम. मराठीत सांगायचं तर असं :

"जर उपकरण नेटवर्क विभागातलं असेल, आणि ते आत्ताच जोडलं गेलं असेल, आणि त्याचा पत्ता अमुक असेल, तर त्याचं नाव 'लॅब०' ठेव."

अट लिहिताना बरोबरचं चिन्ह दोनदा देतात (==), म्हणजे 'हे तसंच आहे का ते बघ'. हुकूम लिहिताना चिन्ह एकदाच (=), म्हणजे 'हे असं कर'. नवशिके इथेच गोंधळतात. अटीच्या जागी एकच चिन्ह पडलं की नियमाचा अर्थच बदलतो. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरच हुकूम चालतो, एकही हुकली की नियम सोडून यूडेव्ह पुढे जातो.

पहिली वाट : मॅक पत्ता

प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो. त्याला 'मॅक पत्ता' म्हणतात. हा ४८ बिटांचा असतो आणि दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत लिहितात, जसं ५२:५४:००:१ए:२बी:३सी. सहसा पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते, बाकीच्या तीन कंपनी स्वतः देते.

यूडेव्हच्या पहिल्या काही वर्षांत डेबियन, उबंटू वगैरेंनी याच पत्त्याचा आधार घेतला. मशीन पहिल्यांदा सुरू झालं की यूडेव्ह स्वतःच एक यादी बनवायचा : या मॅकचं कार्ड एथ०, त्या मॅकचं एथ१. यादी '७०-पर्सिस्टंट-नेट' या नावाच्या नियमांच्या फाइलीत साठवली जायची. पुढच्या वेळी कोणतंही कार्ड आधी सापडो, नावं यादीप्रमाणेच. वर सांगितलेली अदलाबदल यामुळे बरीच थांबली.

पण दोन नव्या अडचणी आल्या.

पहिली अडचण कार्ड बदलल्यावर. जुनं कार्ड जळलं, त्याच जागी नवीन बसवलं. नव्याचा मॅक वेगळा, म्हणून यादीत ते नवीन पाहुणं. एथ० हे नाव जळालेल्या कार्डासाठी राखून ठेवलेलंच, नव्याला एथ१ मिळालं. सेटिंग मात्र एथ० ची. नेट बंद.

याचंच मोठं रूप लॅबमध्ये दिसायचं. एका कॉम्प्युटरवर सगळं नीट बसवून त्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी बाकी चौदा मशीनवर उतरवायची, ही सोपी रीत. पण डिस्कसोबत ती यादीही जायची. मग चौदा मशीनवर एथ० हे नाव पहिल्या मशीनच्या कार्डाला राखलेलं आणि त्यांच्या स्वतःच्या कार्डांची नावं एथ१. एकाही मशीनवर नेट चालेना. ती एक फाइल पुसून मशीन परत चालू केलं की काम व्हायचं. ज्याला माहीत त्याला दोन मिनिटं, ज्याला माहीत नाही त्याचा आठवडा.

दुसरी अडचण आणखी खोल होती. समजा यूडेव्हला यादीप्रमाणे एका कार्डाचं नाव एथ१ करून एथ० करायचंय. पण त्याच क्षणी कर्नल दुसऱ्या कार्डाला एथ० देऊन मोकळा झालाय. एका नावासाठी दोघांची ओढाताण. यूडेव्ह थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, कधी जमायचं, कधी नाही. कर्नल जी नावं वाटतो तीच आपण वाटायला गेलो, तर टक्कर होणारच.

दुसरी वाट : ठिकाणावरून नाव

जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीत नवी पद्धत आली. त्याआधी डेल कंपनीने अशीच एक पद्धत काढली होती आणि ती फेडोरा १५ मध्ये २०११ साली वापरली गेली होती. नवी पद्धत रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये २०१४ ला, उबंटू १५.१० मध्ये २०१५ ला आणि डेबियन ९ मध्ये २०१७ ला पोहोचली. आज आपल्याला दिसणारी 'विचित्र' नावं हीच.

ती वाचायला शिकलात की विचित्र राहत नाहीत. पहिली दोन अक्षरं प्रकार सांगतात :

- ईएन : तारेचं इथरनेट
- डब्ल्यूएल : वायफाय
- डब्ल्यूडब्ल्यू : सिमकार्डवालं मोबाइल नेटवर्क

पुढचं अक्षर ठिकाण सांगतं :

- ओ : मदरबोर्डवरच असलेलं कार्ड. ईएनओ१ म्हणजे मदरबोर्डने ज्याला स्वतःच एक नंबर दिला, ते.
- एस : आकडा दिलेला स्लॉट. ईएनएस१ म्हणजे एक नंबरच्या स्लॉटमधलं.
- पी आणि मग एस : मदरबोर्डवरचा मार्ग. ईएनपी३एस० म्हणजे तीन नंबरच्या बसवरचं, शून्य नंबरच्या जागेवरचं.
- एक्स : ठिकाण नाही, पुढे थेट मॅक पत्ता.

म्हणजे 'डब्ल्यूएलपी२एस०' दिसलं तर ते वायफाय, दोन नंबरच्या बसवर, शून्य जागी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स टाकून शिकणाऱ्या मुलांना बहुधा 'ईएनपी०एस३' दिसतं, त्याचाही अर्थ आता लागेल.

यूडेव्ह हे क्रमाने बघतो. आधी मदरबोर्डने स्वतः नंबर दिलाय का, नसेल तर स्लॉटचा नंबर, तोही नसेल तर मार्ग. यातलं काहीच मिळालं नाही तर कर्नलने दिलेलं नाव तसंच राहतं. यूएसबीचं नेटवर्क कार्ड कधी या खाचेत, कधी त्या खाचेत लावलं जातं. म्हणून डेबियन-उबंटूमध्ये त्याला ठिकाणाऐवजी मॅकवरून नाव देतात, ते 'ईएनएक्स' ने सुरू होतं.

फायदा काय झाला? कार्ड जळालं आणि त्याच जागी तसंच दुसरं बसवलं, तर नाव तेच राहतं. एका डिस्कची प्रत एकसारख्या पंधरा मशीनवर उतरवली तरी प्रत्येकावर नाव तेच येतं, कारण सगळ्यांत कार्ड एकाच जागी आहे. कुठलीही यादी साठवावी लागत नाही. आणि ही नावं कर्नलच्या नावांपेक्षा वेगळी असल्याने ओढाताणही नाही.

पण ही पद्धतही बिनचूक नाही. मार्गावरून पडलेलं नाव मार्ग बदलला की बदलतं. मशीनमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड किंवा नवी एसएसडी बसवली तर बसचे आकडे पुढे सरकू शकतात. मग नेटवर्क कार्डाला हात न लावताही ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. गल्लीत मध्येच नवीन घर उभं राहिलं आणि नगरपालिकेने पुढच्या घरांचे नंबर बदलले, तसंच हे. मशीन उघडून काहीही बसवलं की नंतर नाव तपासायचंच.

आपल्या लॅबसाठी काय करावं?

एकच कार्ड असलेल्या मुलांच्या कॉम्प्युटरवर काही करायची गरज नाही. जे नाव आलंय ते राहू द्या. इंटरनेटवर अनेक ठिकाणी सल्ला मिळतो की कर्नलला 'नेट.आयएफनेम्स=०' असं सांगा, म्हणजे जुनं एथ० परत येईल. एका कार्डाच्या मशीनवर त्याने नुकसान होणार नाही. पण दोन कार्डांच्या सर्व्हरवर हे करू नका. पहिल्या भागात सांगितलेली अदलाबदल त्यातून परत येते.

सर्व्हरवर मात्र दोन्ही कार्डांना आपण स्वतः नावं द्यावीत. आजची सोपी रीत अशी :

१. 'आयपी लिंक' ही आज्ञा द्या. सगळी कार्डं, त्यांची आत्ताची नावं आणि मॅक पत्ते दिसतील. कोणतं कार्ड कोणत्या तारेचं हे कळत नसेल तर एक तार काढा, परत आज्ञा द्या. जे 'डाउन' झालं ते त्या तारेचं.

२. 'ईटीसी' मध्ये 'सिस्टमडी', त्यात 'नेटवर्क' हे फोल्डर आहे. तिथे प्रत्येक कार्डासाठी एक छोटी फाइल बनवा. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट लिंक' हवं आणि सुरुवातीला १० सारखा लहान आकडा. लिनक्सची स्वतःची फाइल ९९ ने सुरू होते. नावाच्या क्रमाने जी फाइल आधी जुळते तीच लागू होते, म्हणून आपला आकडा लहान हवा.

३. फाइलीत दोन भाग. 'मॅच' या भागात त्या कार्डाचा मॅक पत्ता. 'लिंक' या भागात तुम्ही ठरवलेलं नाव.

४. नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि अर्थाचं ठेवा. बाहेरच्या बाजूला 'बाहेर०', लॅबच्या बाजूला 'लॅब०' असं काही. नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही, मध्ये जागा किंवा तिरकी रेघ चालत नाही. आणि एथ०, एथ१ ही नावं मुळीच देऊ नका, ती कर्नलची आहेत.

५. डेबियन किंवा उबंटू असेल तर 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ही आज्ञा 'यू' या पर्यायासह द्या. मशीन सुरू होताना अगदी सुरुवातीला जी छोटी व्यवस्था जागी होते, तिच्यातही यूडेव्ह असतो. तिलाही नवी फाइल कळायला हवी.

६. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आणि फायरवॉलमध्ये जुनी नावं जिथे जिथे आहेत तिथे नवी लिहा. हे मशीन बंद करण्याआधी करा आणि काम सर्व्हरसमोर बसूनच करा. दुसऱ्या मशीनवरून करायला गेलात आणि नाव चुकलं, तर सर्व्हरपर्यंत पोहोचायची वाटच बंद होईल.

७. मशीन दोन-तीनदा बंद-चालू करून बघा. मग राउटरच्या बाजूला एक लॅपटॉप जोडा आणि फाइलींचं फोल्डर तिकडून उघडत नाही ना, याची खात्री करा.

जुनी पुस्तकं '७०-पर्सिस्टंट-नेट' फाइल बदलायला सांगतात. आजच्या लिनक्समध्ये ती आपोआप बनत नाही, म्हणून ती सापडली नाही तर घाबरू नका. हाताने लिहिलेला यूडेव्हचा नियम अजूनही चालतो, पण नुसतं नाव द्यायचं असेल तर डॉट लिंकची फाइल सोपी पडते.

मॅक धरावा की ठिकाण?

डॉट लिंक फाइलीच्या 'मॅच' भागात मॅकऐवजी कार्डाचा मार्गही देता येतो. मग निवडायचं काय? एक साधा प्रश्न विचारा : पुढे काय बदलण्याची शक्यता जास्त आहे?

सर्व्हर जुना आहे, कार्डं स्वस्तातली आहेत, जळली की त्याच जागी दुसरं बसवावं लागेल, तर मार्ग धरा. कार्ड बदललं तरी नाव टिकेल. उलट, मशीनमध्ये अधूनमधून नवे भाग बसवले जातात, किंवा नेटवर्क कार्ड यूएसबीचं आहे, तर मॅक धरा. मात्र कार्ड बदललं की फाइलीतला मॅकही बदलायचा, हे लक्षात ठेवा.

मोबाइल फोन तारेने जोडून इंटरनेट घेत असाल, तर मॅकवर भरवसा ठेवू नका. काही फोन प्रत्येक वेळी नवा मॅक दाखवतात आणि त्यामुळे नावही दर वेळी नवं पडतं. सर्व्हरला कायमचं नेट द्यायचं तर फोन नको, राउटरच बरा.

घरच्यांसाठी आणि मुलांसाठी

पालक म्हणतील, हे सगळं आम्हाला कशाला? दोन कारणं आहेत. एक म्हणजे, तुमच्या मुलांची कागदपत्रं ज्या मशीनवर आहेत ती नीट सांभाळली जाते का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. पुढच्या पालक सभेत एवढंच विचारा : "सर्व्हरला किती तारा आहेत, आणि वीज जाऊन आल्यावर कोण तपासतं?" उत्तर मिळालं तर शुक्रिया म्हणा. मिळालं नाही तर ते शोधायला लावा.

दुसरं म्हणजे हुनर. मोठ्या कंपन्यांचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे एकेका मशीनला चार-चार, आठ-आठ नेटवर्क कार्डं असतात. तिथे नोकरीला गेलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिल्याच आठवड्यात हा विषय भेटतो. तो शिकायला महागडा क्लास नको. एक जुना कॉम्प्युटर, पन्नास-शंभर रुपयांत भंगारवाल्याकडे मिळेल असं एखादं जास्तीचं नेटवर्क कार्ड, आणि रविवारची एक दुपार पुरे. मुलांना कार्डं इकडून तिकडे हलवू द्या, नावं बदलताना बघू द्या, नियम लिहू द्या, मोडू द्या, परत दुरुस्त करू द्या.

शेवटचं एक काम, त्याला कॉम्प्युटरही लागत नाही. लॅबच्या रजिस्टरमध्ये एक पान सर्व्हरसाठी ठेवा. त्यावर प्रत्येक कार्डाचं नाव, मॅक पत्ता, कोणत्या तारेला जोडलंय आणि नियमाची फाइल कुठे आहे, हे लिहा. तारेवर कागदाची चिठ्ठी चिकटवा. आज लॅब बघणारे सर उद्या बदली होऊन जातील, लॅब बघणाऱ्या मॅडमना दुसरा वर्ग मिळेल. नंतर येणाऱ्याला ते पान मिळालं तर त्याचा आठवडा वाचेल आणि मुलांची अमानतही सलामत राहील.